स्वच्छ निघालेली घासणी

सांडपाणी प्रकल्पावर तिला सगळे जंतूताई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि ती ओ द्यायची.

शहर लहान, म्हणून प्रकल्पही लहान. घराघरांतल्या मोऱ्यांचं, संडासांचं, धुण्याभांड्यांचं पाणी गटारांतून वाहत येऊन तिथल्या हौदांत पडायचं. हौदांच्या तळातून हवा सोडलेली असायची आणि त्या खदखदणाऱ्या तपकिरी पाण्यात अगणित सूक्ष्मजीव अहोरात्र जेवत असायचे. त्यांनी घाण खाल्ली की पाणी निवळायचं, मग ते शेजारच्या ओढ्यात सोडता यायचं. पंपांचा आणि मोटारींचा कितीही गडगडाट असला तरी खरी राबणारी मंडळी ही, आणि त्यांची तब्येत सांभाळणं हे जंतूताईचं काम. रोज सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता, ती हौदातला एक थेंब काचेवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. देठावर डोलणाऱ्या इवल्या घंटा, तोंडाशी दोन चाकं गरगर फिरवून खाणं आत ओढणारे चाकवाले, वाटेत येईल त्याला धडकत सुटणारे बाकीचे.

"काय मंडळी, जेवणं चालू का?" असं ती मोठ्यानं विचारायची. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी दचकायचा, दुसऱ्या दिवसापासून सरावायचा.

त्या सोमवारी तिनं विचारलं आणि काच पुन्हा नीट बसवून बघितली. घंटा मिटलेल्या होत्या. कित्येक देठ सोडून नुसत्याच तरंगत होत्या. चाकवाले आक्रसून गोळे झाले होते आणि त्यांची चाकं बंद होती. एरवी बाजारासारखा गजबजलेला थेंब सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखा दिसत होता.

तेवढ्यात ऑपरेटरकाका आत आले. हौदांची देखरेख त्यांच्याकडे होती.

"ताई, हौदावर पांढरा फेस आलाय. बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनियाही चढलाय. मी म्हणालोच होतो."

"काय म्हणाला होतात?"

"असं काहीतरी होणार म्हणून."

काका इतकी वर्षं रोज असं काहीतरी होणार म्हणत होते, की एखाद्या दिवशी ते खरं ठरणं भागच होतं.

अमोनिया खाणारे जिवाणू म्हणजे मंडळींतले सगळ्यात नाजूक प्रकृतीचे. ते आजारी पडले की अमोनिया तसाच पुढे जातो, ओढ्यात उतरतो आणि माशांचा जीव घेतो. मॅनेजरसाहेबांनी लगेच पाणी आवारातल्या राखीव तळ्याकडे वळवलं. "पण तळं भरलं की माझ्याकडे जागा नाही," ते म्हणाले. "ताई, कोणी काय ओतलंय ते शोधा."

जंतूताईनं नेहमीच्या सगळ्या संशयितांची झडती घेतली. क्लोरीन नव्हता, तांबं नव्हतं, क्रोमियम नव्हता, कापडाचा रंग नव्हता. मग तिनं पाण्याची एक बाटली विद्यापीठातल्या वर्गमैत्रिणीकडे पाठवली. तिच्याकडे पाण्यातले झाडून सगळे धातू ओळखणारं यंत्र होतं. "रांग मोठी आहे गं," मैत्रीण म्हणाली, "पण तुला मधे घुसवते."

तोवर हातावर हात ठेवून बसणं जंतूताईला जमणारं नव्हतं. गटारात काहीही टाकून ठेवा, दोनचार दिवसांत त्याच्यावर बुळबुळीत थर धरतो. तो थर म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्तीच. मग शहरात जिथे जिथे गटारांना फाटे फुटतात तिथे चेंबरमध्ये काहीतरी टांगलं तर? जिथे थर धरणार नाही, तिकडून विष येतंय. टांगायला नायलॉनच्या जाळीदार घासण्या सगळ्यात उत्तम, आणि त्यांचा रंगीबेरंगी साठा घरी सासूबाईंच्या कपाटात होता.

"माझ्या नव्या घासण्या गटारात?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, शास्त्रासाठी."

"शास्त्रासाठी जुन्या चालत नाहीत वाटतं." पण पुढच्याच मिनिटाला त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. "चल. गाडी तू चालव, मी शेजारी बसते."

सासूबाईंनी आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलं होतं. क्लास बंद केला तरी गाडी तीच होती, शेजारच्या सीटपुढे मास्तरणीचा वेगळा ब्रेक असलेली. अर्धं शहर त्या गाडीत बसून घाम गाळून गेलं होतं. जंतूताईचा नवरा जहाजावर इंजिनीयर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळे घरात या दोघी आणि धाकटा दीर. सासूसुनेचं छान जमायचं, फक्त गाडीत सोडून.

दोघींनी मिळून शहरभर घासण्या टांगल्या. प्रकल्पावरचा एक गडी लोखंडी झाकण उचलून द्यायचा, जंतूताई दोरीनं घासणी आत सोडायची आणि सासूबाई रस्त्यावर हात पसरून रहदारी थांबवायच्या. एका गाडीतून एक टाय लावलेले गृहस्थ वाकून म्हणाले, "बाई, काही हरवलं का?"

"हो, तुझं वळताना हात दाखवणं," सासूबाई म्हणाल्या. गृहस्थांनी मुकाट्यानं इंडिकेटर लावला.

पुढच्या आठवड्यात घासण्या वर काढल्या. पहिली निघाली ती काळपट, जाड, लिबलिबीत. सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि जंतूताईचा चेहरा खुलला. "वा! काय सुंदर थर धरलाय!" दुसरी तशीच. तिसरी तर ओळखूही येईना. कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी टांगलेली गुलाबी घासणी मात्र दुकानातून आणल्यासारखी चकचकीत वर आली.

"ही बघ, ही किती छान राहिली," सासूबाई म्हणाल्या. "इथलं पाणी बरंच स्वच्छ दिसतंय."

"आई, गटारातून घासणी स्वच्छ निघाली, म्हणजे त्या पाण्यात काही जगतच नाहीये."

सासूबाईंनी हात लांब करून ती घासणी पिशवीत टाकली आणि हात साडीला पुसता पुसता थांबवला.

गल्लीत तीन शेड होत्या. एक प्लेटिंगवाल्याची, जो नळांना आणि कड्यांना चकाकी देई. एक फर्निचरवाल्याची. आणि तिसरी चुंबकशेठची.

चुंबकशेठ म्हणजे जंतूताईचा दीर. जुन्या कॉम्प्युटरांच्या डिस्का, पंखे, बिघडलेल्या मोटारी गोळा करायच्या, त्यांच्यातले चुंबक काढायचे, ते आम्लात विरघळवून आतले दुर्मिळ धातू परत मिळवायचे, हा त्याचा धंदा. "खाणी खणण्यापेक्षा भंगार खणा," हे त्याचं वाक्य, आणि जेवताना ते एकदा तरी व्हायचंच. घरात त्याचा कोण अभिमान! सासूबाई ओळख करून देताना त्याला 'पृथ्वी वाचवणारा' म्हणत. त्यामुळे जंतूताईची नजर त्याच्या शेडवर गेली आणि न थबकता पुढे सरकली. ती तडक शिरली प्लेटिंगवाल्याकडे.

"तुम्ही गटारात काय सोडता?" तिनं सरळच विचारलं.

प्लेटिंगवाला रागावला नाही. त्यानं तिला मागच्या बाजूला नेलं. तिथे गाळण्या होत्या, टाक्या होत्या, आणि शेवटच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी एका काचेच्या पेटीत पडत होतं. पेटीत चार लठ्ठ मासे आरामात फिरत होते.

"माझ्याच पाण्यात वाढलेत," तो म्हणाला. "त्या मोठ्याचं नाव साहेब. तपासणीला साहेब आले की मी साहेब दाखवतो."

जंतूताईला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तिनं साहेबाचीही माफी मागितली.

परत गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मग फर्निचरवालाच असणार. ते पॉलिश..." तेवढ्यात फोन वाजला. मैत्रीण होती. जंतूताई गाडी चालवत होती, म्हणून सासूबाईंनी फोन मोठ्या आवाजावर लावून धरला.

"अगं, काय पाठवलंस हे?" मैत्रीण उत्साहानं ओरडली. "शिसं नाही, जस्त नाही. निओडिमियम आहे! भरपूर! सोबत प्रासिओडिमियम, थोडं डिस्प्रोसियम. दुर्मिळ धातूंचं दुकान काढलंय का कुणी तुमच्या गटारात?"

गाडी गचकन थांबली. जंतूताईचं नाक स्टिअरिंगला लागता लागता वाचलं.

"आई! ब्रेक का मारलात?"

सासूबाई समोर बघत होत्या. "निओडिमियम," त्या म्हणाल्या. "रोज भाजीबरोबर ऐकते मी हा शब्द. पोटच्या पोराचा आवडता शब्द आहे तो."

हे जंतूताईला आधी सुचलं नाही, असं नव्हतं. तिनं ते सुचू दिलं नव्हतं.

"आई, कदाचित..."

"गाडी वळव," सासूबाई म्हणाल्या. "आरसा बघून."

चुंबकशेठ दारातच भेटला. हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, आणि चेहऱ्यावर वर्गात पहिला आल्याचा आनंद. "आई! वहिनी! बरं झालं आलात. हे बघा, आज काय निघालंय!" बशीत फिकट जांभळी पूड होती. "सगळी जुन्या पंख्यांतून!"

"भाऊजी," जंतूताईनं विचारलं, "ही धुतलेलं पाणी कुठे जातं?"

"पहिलं आणि दुसरं पिंपात साठवतो. तिसऱ्यात काही उरतच नाही, ते सोडतो. मोठी टाकी बसवल्यापासून शनिवारी एकदम रिकामी करतो. आणि वहिनी, आम्ल अगदी मारून, हं! लिटमस बघूनच सोडतो. मी काय बेजबाबदार माणूस वाटलो?"

"आम्लाचा प्रश्न नाही. त्यात निओडिमियम उरतंय. माझी मंडळी मरतायत."

तो हसला. खरंच हसू आलं त्याला. "वहिनी, ते विषारी नसतं. तांबं, शिसं, पारा, हे विष. हा बिचारा धातू माणसाला काही करत नाही. मी वाचलंय."

"माणसाला नसेल करत. माझ्याकडे माणसं नाहीत."

"इतक्या थोड्यानं?"

"उद्या सकाळी प्रकल्पावर या. येताना तुमच्या त्या तिसऱ्या पाण्याची बाटली आणा."

सासूबाईंनी या सगळ्यात एक शब्द काढला नाही. त्यांच्या मुलानं त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाच जास्त घाबरून तो दुसऱ्या दिवशी सांगितल्या वेळेआधी हजर झाला.

जंतूताईनं शेजारच्या गावच्या प्रकल्पातून थोडा धडधाकट गाळ मागवून ठेवला होता. त्यातला थेंब तिनं काचेवर घेतला. "बघा."

चुंबकशेठनं डोळा लावला. आधी नुसतं "हं" म्हणाला. मग "अरे!" मग त्याचे खांदे पुढे झुकले. "हे काय आहे? याच्या तोंडावर पंखे आहेत! वहिनी, दोन पंखे! अगदी आपल्यासारखे... खातोय तो. बघा ना, केवढा खातोय. आता दुसऱ्याला ढकललं!" तो त्या एका चाकवाल्याच्या मागोमाग काच सरकवत राहिला. त्याला मोटारीची इतकी सवय, की फिरणारी गोष्ट दिसली की तिच्यात जीव अडकलाच.

"आता तुमच्या पाण्याचा थेंब सोडते," जंतूताई म्हणाली. "डोळा काढू नका."

काही वेळ चुंबकशेठ बोलत होता. "काही होत नाहीये. फिरतोय. मस्त फिरतोय." मग त्याचा आवाज हळू झाला. "घंटा मिटतायत. का मिटतायत?... तो कोपऱ्यात जातोय. चाक... एक चाक थांबलं."

डोळा काढला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"थांबला," तो म्हणाला. "वहिनी, तो थांबला."

जंतूताई त्याला एरवी 'अहो भाऊजी' म्हणायची. त्या दिवशी तिच्याही नकळत ते गळून पडलं. "तुला मुद्दाम करायचं नव्हतं, ठाऊक आहे मला. ऐक. हे धातू फॉस्फेटला असे घट्ट मिठी मारतात की ते जिवाणूंना मिळतच नाही. भरल्या ताटावर उपाशी राहतात बिचारे. उरलेला धातू त्यांच्या अंगावर बसून आत जाण्याची दारं अडवतो. यावर अजून फार थोडं काम झालंय, म्हणून पुस्तकात 'विष' असं लिहिलेलं तुला दिसलं नाही."

"मग आता?"

"आता दोन गोष्टी. एक, तुझं पाणी बंद. दुसरी, मी साहेबांना सगळं सांगणार, आणि तू माझा दीर आहेस हेही सांगणार."

"मीच येतो ना," तो म्हणाला. "तू कशाला सांगतेस? मी करून ठेवलंय, मीच सांगतो."

दोघं गेली. मॅनेजरसाहेबांनी ऐकून घेतलं, आधी कपाळाला हात लावला, मग नियमाप्रमाणे शेड बंद ठेवायला सांगितली. शेजारच्या खुर्चीतून ऑपरेटरकाका म्हणाले, "घरातलाच माणूस निघाला. मी म्हणालोच होतो." या वेळी मात्र ते कधीच म्हणाले नव्हते आणि सगळ्यांनी मिळून त्यांना तसं सांगितलं.

चुंबकशेठनं त्याच दिवशी गटाराचं तोंड सिमेंटनं बुजवलं. मग पठ्ठ्या शेडमध्ये बसून त्या तिसऱ्या पाण्याच्या मागे लागला. सोडा घातला, गाळ बसवला, निवळ पुन्हा वापरली, वहिनीकडे बाटल्या आणून तपासून घेतल्या. पहिल्या बाटलीनं घंटा मिटल्या. पुढच्या बाटलीनं अर्ध्या मिटल्या. शेवटी एका दुपारी घंटा डोलतच राहिल्या, तेव्हा तो उड्या मारत घरी आला. "आई, टाकीच्या तळाशी किती माल बसलाय बघ! हा सगळा मी सोडून देत होतो!"

सासूबाईंनी तोंड उघडलं ते इतक्या दिवसांचं साठवून. "म्हणजे आम्हाला भंगारातून माल काढायला शिकवत होतास आणि स्वतः काढलेला माल गटारात ओतत होतास? पृथ्वी वाचवणारा! आधी गल्ली वाचव!" पोरगा खाली मान घालून ऐकत होता, पण आई पुन्हा बोलायला लागली याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

विष बंद झालं तरी हौदांतली मंडळी आपोआप भरभर परत येणार नव्हती. अमोनिया खाणारे वाढतात फार सावकाश, आणि राखीव तळं काठोकाठ आलं होतं. म्हणून जंतूताईनं शेजारच्या गावाकडून टँकरभर जिवंत गाळ मागितला, विरजणासारखा. ते आनंदानं द्यायला तयार झाले. टँकर आलाही. पण प्रकल्पाचं मागचं फाटक अरुंद, वळण अवघड, आणि चालकाला टँकर उलटा घेऊन हौदापर्यंत काही नेता येईना. आत गाळातल्या जिवांना हवा कमी पडायला लागली होती. जंतूताई घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होती.

"फार वेळ बंद राहिले तर गुदमरतील ते," ती म्हणाली.

"जाणारच नाही हा टँकर," ऑपरेटरकाका म्हणाले.

चुंबकशेठनं गुपचूप घरी फोन केला. सासूबाई आल्या त्या वाऱ्यासारख्या. गाडीतून उतरून थेट टँकरच्या पुढ्यात गेल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "तू होय! तुला तर मी तिसऱ्या खेपेला पास करून घेतलं होतं."

चालक कसलेला, मिशांचा, दांडगा गडी. तो सीटवर ताठ बसला. "हो बाई."

"मग मान काय मागे वळवतोस? आरशात बघ. डावा आरसा. आता सोड. सोड, सोड... थांब म्हटलं की थांबायचं. स्टिअरिंग उजवीकडे. सगळं. घाबरू नकोस, मी आहे."

टँकर इंचाइंचानं मागे सरकला. फाटकाचा खांब आणि टँकरची कड यांच्यात बोटभर जागा राहिली. प्रकल्पावरची सगळी माणसं श्वास रोखून उभी होती. "बस्स!" सासूबाई ओरडल्या आणि टँकर बरोब्बर हौदाच्या काठाशी उभा राहिला. टाळ्या पडल्या. चालकानं कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "बाई, पास?"

"या वेळी पहिल्या खेपेला," त्या म्हणाल्या.

तपकिरी गाळ धो धो हौदात कोसळला. वास असा, की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या. जंतूताई मात्र काठावर उभी राहून लग्नाची वरात बघावी तशी बघत होती.

मग वाट बघणं आलं. फेस आधी कमी झाला. अमोनिया एक दिवस जागचा हलला नाही, एक दिवस उगाच वर गेला आणि काकांना बरं वाटलं, मग मात्र उतरू लागला. थेंबात आधी बारीकसारीक धावणारे आले, मागून घंटा आल्या. राखीव तळ्यातलं पाणी थोडं थोडं करून हौदांतून फिरवून घेतलं आणि निवळून ओढ्यात सोडलं. ओढ्यात एकही मासा उलटा झाला नाही. चुंबकशेठची शेड तपासून पुन्हा उघडली. प्लेटिंगवाल्यानं त्याला शेजारधर्म म्हणून एक काचेची पेटी आणि दोन मासे भेट दिले.

एका सकाळी चुंबकशेठ प्रकल्पावर आला होता. हल्ली तो यायचा, थेंब बघायला. त्यानं डोळा लावला आणि किंचाळला, "वहिनी! अस्वल!"

जंतूताईनं त्याला जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. खरंच होतं. आठ आखूड पायांचं, गुबगुबीत, गाळाच्या कणांवरून पंजे रोवत चाललेलं पाणअस्वल. गाळ जुना, मुरलेला, निरोगी झाला की मगच हा पाहुणा येतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अस्वल धूसर झालं, म्हणून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

बातमी आवारभर पसरली. रांग लागली. पंपावरचे आले, फाटकावरचा आला. सासूबाई डबा द्यायला आल्या होत्या, त्याही रांगेत. त्यांनी बराच वेळ बघितलं. "चालणं बघ कसं," त्या म्हणाल्या. "घाई नाही, गडबड नाही. अशी चालवावी गाडी." ऑपरेटरकाकांनी बघितलं, आणि नवल म्हणजे काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सगळ्यात शेवटी मॅनेजरसाहेब आले. त्यांनी चष्मा काढला, वाकले, इकडेतिकडे काच सरकवली.

"ताई, मला तर नुसतं पाणीच दिसतंय."

जंतूताईनं बघितलं. काचेच्या कडेशी, थेंब संपतो तिथे, एक गुबगुबीत मागचा पाय दिसेनासा होत होता.

"गेलं, साहेब. आत्ताच," ती म्हणाली आणि ड्रॉपर घेऊन हौदाकडे निघाली. "थांबा, दुसरा थेंब आणते. आता खूप असतील."